आत्मघाती पिशव्या पाठ, तरी 20 पैकी 11: ‘पेशी व पेशीअंगके’ची एक उत्तरपत्रिका

इयत्ता आठवी, सेमी इंग्रजी, सामान्य विज्ञान. ‘पेशी व पेशीअंगके’ या पाठावर 20 गुणांची घटक चाचणी झाली आणि 11 गुण मिळाले. सहामाही 12 दिवसांवर आली आहे. घरच्यांचे म्हणणे एकच: “तिला सगळं येतं हो, पेपरात घाई करते.” ही उत्तरपत्रिका कुणा एका मुलीची नाही. या पाठावर वर्गावर्गांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका एकत्र करून ती नमुना म्हणून मांडली आहे.

गुण असे पडले. जोड्या लावा, 4 पैकी 4. शास्त्रीय कारणे, 4 पैकी 1. वनस्पतीपेशी व प्राणीपेशी यांतील फरक, 3 पैकी 2. परासरणावरचा प्रश्न, 4 पैकी 1. आकृती, 3 पैकी 2. कांद्याच्या सालीचे निरीक्षण, 2 पैकी 1.

घाईने जाणारे गुण पेपरभर विखुरलेले असतात. कुठे एकक राहते, कुठे उपप्रश्न सुटतो. इथे गेलेल्या 9 गुणांपैकी 6 दोनच प्रश्नांत गेले आहेत, आणि ज्या प्रश्नाला नुसती नावे लागतात तिथे पैकीच्या पैकी आहेत. म्हणजे नावे आली, टोपणनावेही आली. रचना आणि काम यांना जोडणारे ‘त्यामुळे’ तेवढे आले नाही. उजळणी करायची ती या ‘त्यामुळे’ची. पाठ पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचून काढला तर 12 दिवस जातील आणि जोड्यांचे 4 गुण तेवढे पुन्हा मिळतील.

शास्त्रीय कारणांपासून सुरुवात करू, कारण दुखणे तिथे उघड दिसते.

पहिला प्रश्न: लयकारिकांना आत्मघाती पिशव्या म्हणतात. तिचे उत्तर: “कारण लयकारिका आत्महत्या करतात.” शून्य गुण. प्रश्नातलाच शब्द उलटून उत्तरात आला आहे. दुसरा प्रश्न: हृदयाच्या स्नायूपेशींत तंतुकणिका मोठ्या संख्येने असतात. तिचे उत्तर: “कारण तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र आहे.” एक गुण. विधान खरे आहे, पण त्यात हृदय कुठेच नाही. हेच वाक्य यकृताच्या पेशीलाही लागू पडले असते.

दोन गुणांच्या कारणात तीन दुवे लागतात: काय आहे, ते काय करते, आणि म्हणून प्रश्नातली गोष्ट कशी घडते. लयकारिका म्हणजे एकेरी पटलाची पिशवी, आत पचन करणारी विकरे (एन्झाइम). एरवी ही विकरे पटलाच्या आत बंद असतात आणि पेशीत शिरलेले जीवाणू, झिजलेली अंगके यांचेच पचन करतात. पेशी जीर्ण किंवा खराब झाली की पटल फुटते, विकरे पेशीद्रव्यात सांडतात, त्यामुळे पेशीचे स्वतःचेच घटक पचतात. आता ‘आत्मघाती’ शब्दाचा हिशोब लागला. हृदयाचेही तसेच: हृदय जन्मभर न थांबता आकुंचन पावते, प्रत्येक आकुंचनाला एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) लागते, एटीपी मुख्यतः तंतुकणिकांत तयार होते, त्यामुळे तिथे त्या जास्त असतात.

टोपणनावांवर आमचा राग नाही, पण ती जोड्या लावण्यापुरतीच ठेवावीत. ‘केंद्रक म्हणजे पेशीचा मेंदू’ हे तर टाकूनच द्यावे. मेंदू स्वतः कोट्यवधी पेशींचा बनलेला असतो, आणि केंद्रक विचार करत नाही. त्यातल्या गुणसूत्रांवरच्या जनुकांत प्रथिने कशी बनवायची याची माहिती असते. शिवाय मेंदू म्हटले की केंद्रकाशिवाय पेशी जगूच शकत नाही असे वाटते, आणि मग माणसाच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशीचा प्रश्न आला की मुले अडखळतात. या पेशीत केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत. जागा हिमोग्लोबिनला मिळते, आणि वाहून नेत असलेला ऑक्सिजन ती स्वतःसाठी खर्च करत नाही. किंमत अशी की नवी प्रथिने बनवून दुरुस्ती करता येत नाही. म्हणून ती सुमारे 120 दिवसच टिकते.

सेमीच्या मुलांना नावांचा आणखी एक त्रास असतो. रायबोसोम, लायसोसोम, क्रोमोसोम, सेंट्रोसोम: सगळे ‘सोम’. ग्रीक भाषेत ‘सोमा’ म्हणजे शरीर, त्यामुळे शेवटाचा भाग ओळखायला काहीच मदत करत नाही. मराठी नावे इथे उपयोगी पडतात. लायसोसोमचे मराठी नाव लयकारिका म्हणजे लय करणारी, काम नावातच आहे. तंतुकणिका हा तर मायटोकाँड्रिया या मूळ ग्रीक नावाचा शब्दशः अर्थ आहे, मिटॉस म्हणजे धागा आणि काँड्रिऑन म्हणजे कण. उत्तर इंग्रजीत लिहायचे असले तरी पाठांतराच्या वहीत शेजारी मराठी नाव असावे. यातला रायबोसोम मात्र वेगळ्या जातीचा: त्याला पटल नसते, आणि जीवाणूंच्या आदिकेंद्रकी पेशीतही तो असतो. ‘जीवाणूत एकही पेशीअंगक नसते’ असे सरसकट लिहिले की इथे अडचण होते. ‘पटलाने वेढलेली अंगके नसतात’ असे लिहावे. जीवाणूत डीएनए नसतो असेही काही जण लिहितात. तो असतोच, फक्त त्याभोवती केंद्रकपटल नसते.

पहिल्या दिवशीचे काम: पुस्तक मिटून एक कोरा कागद, 25 मिनिटे. आठवतील ती अंगके लिहायची, प्रत्येकापुढे एकच ओळ, आणि त्या ओळीत ‘त्यामुळे’ हा शब्द हवाच. जिथे ‘त्यामुळे’च्या पुढे काही सुचत नाही तिथे रिकामी जागा सोडायची. मग पुस्तक उघडून फक्त त्याच जागा वाचायच्या. रंगीत पेनांनी अधोरेखित केलेले पान ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे असा समज होतो. कोरा कागद अशी फसवणूक करत नाही. हाच कागद तिसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या दिवशी पुन्हा. दर वेळी नवा, जुना समोर न ठेवता.

दुसऱ्या दिवशी एकाच प्रथिनाचा माग काढायचा. भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिले की गोडसर लागतो, कारण लाळेतले अमायलेज हे विकर पिष्टाचे शर्करेत रूपांतर करते. हे अमायलेज लाळग्रंथीच्या पेशीत बनते आणि पेशीबाहेर सोडले जाते. त्याचा प्रवास लिहायला घ्या. कृती केंद्रकातल्या डीएनएत. तिची नक्कल आरएनएच्या रूपात केंद्रकपटलाच्या छिद्रांतून बाहेर येते. खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवरचे रायबोसोम त्या नकलेनुसार अमिनो आम्ले जोडतात. साखळी जालिकेच्या आत शिरते, तिथून पटलाच्या लहान पुटिकेत बसून गॉल्गी संकुलाकडे जाते. तिथे तिच्यात बदल होतात, वर्गवारी होते, बांधाबांध होते. शेवटची पुटिका प्रद्रव्यपटलाला (पेशीभोवतीच्या पटलाला) जाऊन मिळते आणि अमायलेज बाहेर पडते. या सगळ्याला लागणारी ऊर्जा तंतुकणिकांकडून.

एवढे सात-आठ ओळींत बसते आणि निम्मा पाठ एका दोरीत ओवला जातो. (ही दोरी काल्पनिक नाही. जॉर्ज पलाडे आणि सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या पेशींत किरणोत्सारी अमिनो आम्ले सोडून याच मार्गाचा माग काढला. पलाडे यांना 1974 चे नोबेल विभागून मिळाले, आणि त्या वर्षीच्या विजेत्यांत लयकारिका शोधणारे ख्रिश्चन द ड्यूवही होते.)

प्रवास लिहून झाला की खरा सराव सुरू होतो: एक टप्पा बंद पाडायचा. गॉल्गी संकुल चालेनासे झाले तर? प्रथिन बनेल, पण योग्य रीतीने बांधून बाहेर जाणार नाही, शिवाय नव्या लयकारिकाही तयार होणार नाहीत. तंतुकणिका बंद झाल्या तर? सगळेच मंदावेल. रायबोसोम नसतील तर? आरएनए येऊन पडेल, जोडणारे कुणी नाही. मृदू आंतर्द्रव्यजालिका नसेल तर? अमायलेजला फारसा फरक नाही, पण मेद बनणे थांबेल आणि यकृताच्या पेशीत विषारी पदार्थांचा निचरा अडेल. परीक्षेत हे प्रश्न जसेच्या तसे येतीलच असे नाही. पण ज्याला ही उत्तरे देता येतात त्याला शास्त्रीय कारण पाठ करावे लागत नाही.

आता परासरण. या उत्तरपत्रिकेतला सगळ्यात शिकवणारा प्रश्न हाच.

प्रश्न असा: बेदाणे साध्या पाण्यात ठेवले की फुगतात आणि फुगलेले बेदाणे साखरेच्या घट्ट पाकात ठेवले की आकसतात. कारण सांगा. तिने व्याख्या लिहिली, “परासरण म्हणजे पाण्याचे जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जाणे,” आणि पुढे, “पाक जास्त संहतीचा आहे म्हणून पाकातील पाणी बेदाण्यात शिरते.” प्रश्नातच बेदाणा आकसतो असे दिले आहे, तरी उत्तरात तो फुगला. व्याख्येच्या अर्ध्या वाक्याला एक गुण मिळाला.

चूक समजुतीची आहे आणि ती ‘संहती’ या एका शब्दात दडली आहे. पाक ‘जास्त संहतीचा’ म्हणतो तेव्हा साखरेची संहती मोजत असतो. व्याख्येत मात्र पाण्याचे प्रमाण अभिप्रेत असते. एकाच वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची संहती आली की दिशा उलटते. उपाय म्हणजे परासरणापुरता ‘संहती’ शब्द बाजूला ठेवावा आणि आधी विचारावे, पाणी कुठे जास्त आहे? घट्ट पाकात साखर जास्त, म्हणजे तेवढ्याच जागेत पाणी कमी. फुगलेल्या बेदाण्यात पाणी त्याहून जास्त. पाणी जास्त असलेल्या बाजूकडून कमी असलेल्या बाजूकडे जाते, म्हणून बेदाण्यातून बाहेर. व्याख्येत ‘निवडक्षम पारपटलातून’ हे शब्द हवेतच. ते गळले की परासरण उरत नाही, साधे विसरण होते.

तीन द्रावणांची नावे मुलांना याच कारणाने छळतात, आणि सेमीत तर हायपो व हायपर यांत एका अक्षराचा फरक. अव म्हणजे खाली, कमी. अति म्हणजे जास्त. कमी-जास्त काय, तर बाहेरच्या द्रावणातला क्षार किंवा साखर. अवपरासारी द्रावणात बाहेर क्षार कमी, पाणी जास्त, पाणी पेशीत शिरते: अंतःपरासरण. अतिपरासारी द्रावणात उलट, पाणी बाहेर जाते: बहिःपरासरण. समपरासारीत आत-बाहेर जाणारे पाणी सारखेच, पेशीच्या आकारात बदल नाही. रुग्णाला शिरेतून देतात ते सलाइन 0.9 टक्के मिठाचे असते, म्हणजे लिटरला 9 ग्रॅम, कारण तांबड्या रक्तपेशींना ते समपरासारी आहे. शुद्ध पाणी सोडले तर पेशी फुगून फुटतील. वनस्पतीपेशी शुद्ध पाण्यात फुटत नाही, पेशीभित्तिका तिला धरून ठेवते. इथेच आणखी एक चूक नेहमी होते: ‘पेशीभित्तिका निवडक्षम असते.’ निवड करते ते प्रद्रव्यपटल. सेल्युलोजची भित्तिका पाणी आणि विरघळलेले क्षार दोन्ही आत जाऊ देते. तिचे काम आधाराचे.

हे स्वयंपाकघरात रोज घडते. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातले की ताटात येईपर्यंत तिला पाणी सुटते. म्हणून मीठ वाढताना घालतात. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की खार सुटतो. पण परीक्षेसाठी एकदा मोजून पाहिलेले जास्त टिकते, आणि बेदाण्यापेक्षा बटाटा बरा, कारण त्याच्या पेशी जिवंत असतात.

तिसऱ्या दिवशी एकाच मोठ्या बटाट्याच्या साल काढून 5 सेंमी लांब, 1 सेंमी रुंद, 1 सेंमी जाड अशा 8 पट्ट्या कापाव्यात. चार-चारचे दोन गट. एक पट्टी साधारण 5 ग्रॅमची. स्वयंपाकघरातला काटा 1 ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल तर एका पट्टीतला बदल दिसणारच नाही, म्हणून चार एकत्र तोलाव्यात. एका वाडग्यात 200 मिलि साधे पाणी, दुसऱ्यात 200 मिलि पाण्यात 20 ग्रॅम मीठ. पट्ट्या पूर्ण बुडवून तासभर ठेवाव्यात. बाहेर काढल्यावर दोन्ही गट फडक्याने सारखेच टिपून पुन्हा तोलावेत. टिपायचे राहिले तर बाहेर चिकटलेल्या पाण्याचे वजन येते आणि मिठातल्या पट्ट्यांचेही वजन वाढल्यासारखे दिसते. हा प्रयोग फसतो तो बहुतेक इथेच. बदलाची टक्केवारी म्हणजे वजनातला फरक भागिले सुरुवातीचे वजन गुणिले 100. चार पट्ट्या 20 ग्रॅमच्या 22 झाल्या तर वाढ 10 टक्के. वजनापेक्षाही हाताला कळते: पाण्यातली पट्टी ताठ राहते, वाकवली तर कट्कन मोडते, मिठातली लुळी पडून वाकते. जोडीला एक उकडलेली पट्टी साध्या पाण्यात ठेवावी. ती ताठ होत नाही, कारण उकळताना पटले नष्ट झाली. ‘परासरणाला पटल लागते’ हे वाक्य मग पाठ करावे लागत नाही.

फरकाच्या प्रश्नात एकच गुण गेला, पण तो जुन्या गैरसमजाने. तिने लिहिले: “वनस्पतीपेशीत हरितलवक असते, प्राणीपेशीत तंतुकणिका असते.” वनस्पतीपेशीत दोन्ही असतात. मूळ ‘वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन’ या वाक्यात आहे. श्वसन चोवीस तास चालू असते, दिवसा ते प्रकाशसंश्लेषणामुळे झाकले जाते इतकेच. फरक लिहिताना दोन्ही बाजूंना मुद्दा एकच हवा: भित्तिका आहे–नाही, रिक्तिका मोठी–लहान, हरितलवक असते–नसते. आणि ‘असते’च्या जागी ‘हिरव्या भागांतील पेशींत असते’ म्हटले तर अधिक अचूक, कारण मुळाच्या पेशीत हरितलवक नसते.

हे लक्षात असते तर कांद्याच्या सालीचा गुणही गेला नसता. निरीक्षणात तिने पेशीभर हिरवे ठिपके काढले आणि नाव दिले हरितलवके. कांद्याचा जाड पापुद्रा जमिनीखाली वाढतो, तो हिरवा नसतो. पापुद्रा मोडून आतल्या, खोलगट बाजूची पातळ साल चिमट्याने ओढायची, सुकू न देता लगेच पाण्यात टाकायची, 5 मिमीचा तुकडा काचपट्टीवर सपाट पसरायचा, आयोडीनचा एक थेंब, आणि आच्छादन काच सुईने तिरकी धरून हळू टेकवायची. सरळ ठेवली तर हवेचे बुडबुडे अडकतात. ठळक काळ्या कडांचे ते गोल अनेकांच्या वहीत ‘केंद्रक’ म्हणून येतात. 10 च्या नेत्रिकेतून आणि 10 च्या वस्तुभिंगातून 100 पट दिसते: विटांसारख्या आयताकृती पेशी, भित्तिका, कडेला सरकलेले पिवळसर तपकिरी केंद्रक. मधली मोकळी जागा रिक्तिकेची. तंतुकणिका, गॉल्गी संकुल, रायबोसोम शाळेच्या सूक्ष्मदर्शीतून अशा दिसत नाहीत. निरीक्षणाची आकृती आणि पुस्तकातली नमुना आकृती यांतला हा फरक शिक्षकांनी स्पष्ट सांगावा. पुष्कळदा सांगितलाच जात नाही, आणि मुले निरीक्षण म्हणून पुस्तकच उतरवतात.

आकृतीत गुण गेला तो एका रेषेने. भित्तिका आणि प्रद्रव्यपटल एकमेकांना चिकटवून काढले, आणि ‘प्रद्रव्यपटल’ची नामनिर्देशन रेषा भित्तिकेवर थांबली. भित्तिका दुहेरी रेषेने काढावी, तिच्या आत केसभर जागा सोडून पटलाची एक रेष. नावाची रेषा पट्टीने, बाण न काढता, नेमकी त्या भागाला टेकवून. नावे एका बाजूला एकाखाली एक, रेषा एकमेकींना न छेदता. आकृती निदान अर्धे पान हवी. लहान आकृतीत 7-8 नावांच्या रेषा नीट बसतच नाहीत.

अकराव्या दिवशी खालचे तीन प्रश्न पुस्तक न पाहता सोडवायला द्यावेत; 15 मिनिटे पुरतात.

एक: रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाच्या खालच्या जांभळ्या सालीवर मिठाचे घट्ट द्रावण टाकले तर काय दिसेल, आणि पान आधी उकळले असेल तर? (जिवंत पेशीत पाणी बाहेर जाऊन जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून आकसतो, हाच रससंकोच. उकळलेल्या पानात पटल नष्ट झालेले, त्यामुळे रससंकोच नाही.)

दोन: 1 सेंमी बाजूच्या घनाचे पृष्ठफळ आणि घनफळ यांचे गुणोत्तर 6:1, 2 सेंमी आणि 3 सेंमी बाजूंसाठी काढा आणि पेशी लहान का राहतात ते सांगा. (24:8 म्हणजे 3:1, 54:27 म्हणजे 2:1. पेशी मोठी होते तसे आतल्या पेशीद्रव्याच्या मानाने पटल कमी पडते, त्यामुळे ऑक्सिजन व अन्न आत आणि टाकाऊ पदार्थ बाहेर पुरेशा वेगाने जात नाहीत.)

तीन: मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींत जीवाणू का वाढत नाहीत? इथे ‘मीठ पाणी शोषून घेते’ असे उत्तर आले तर तिसऱ्या दिवसाचे काम अजून पक्के झालेले नाही. मिठामुळे जीवाणूच्या पेशीबाहेर पाण्याचे प्रमाण पेशीतल्यापेक्षा कमी होते, द्रावण अतिपरासारी ठरते, त्यामुळे पाणी निवडक्षम पारपटलातून जीवाणूच्या बाहेर येते. पाणी गमावलेल्या पेशीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात, आणि जीवाणूची वाढ थांबते.